व्रत आणि मुखत्यारपत्र



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातील व्याख्यानांचा पायंडा पाडला, त्याला आता दीडशे वर्षे झाली. तो पायंडा महाराष्ट्रात गावोगाव पसरला. त्या वसंताचेच रूप आता पालटू लागले आहे. म्हणून ‘हवामानबदल आणि नागरिकाची जबाबदारी’ हा विषय चालकांनी आमच्याकडे सोपविला, तेव्हा तो आम्ही आनंदाने नव्हे, पण कर्तव्य म्हणून स्वीकारला.

शास्त्राचा भाग थोडक्यात सांगतो. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळले की कार्बन डायॉक्साइड निर्माण होतो. त्याला आपण सोयीसाठी कर्बवायू म्हणू. हा वायू सूर्याचा प्रकाश आत येऊ देतो; परंतु तापलेल्या पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ लागली की तिला अडवितो. स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच याचे गणित मांडले होते. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास भरले. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. तेवढ्या काळात पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढले. एका अंशाने काय बिघडते, असे कोणी विचारील. अंगात एक-दीड अंश ताप चढला तर आपण त्या दिवशी कामावर जात नाही, एवढेच उत्तर आम्ही देऊ.

हे सारे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मग अडते कोठे? आमच्या मते ते दोन सबबींपाशी अडते. पहिली सबब अशी की, ‘माझ्या एकट्याने काय होणार? सरकारने करावे, अमेरिकेने करावे.’ दुसरी याच्या नेमकी उलट. ‘मी कापडी पिशवी वापरतो, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतो, माझे काम झाले.’ पहिला मनुष्य जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो, तर दुसरा ती उंबरठ्याच्या आत कोंडून ठेवतो. जगाच्या हवेला दोघांचाही उपयोग सारखाच.

या दोन्ही सबबींना उत्तर शोधण्यासाठी लांब जायला नको. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून तिचा उगम झाला. तिचे प्राण होते वकील गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक प्रेमाने सार्वजनिक काका म्हणू लागले. काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. ते स्वतः सूत कातीत आणि खादी वापरीत. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाड्यांच्या झगमगाटात ते त्याच जाड्याभरड्या वेषाने जाऊन बसले. हे झाले वैयक्तिक आचरण. परंतु काका तेथे थांबले नाहीत. त्यांच्या सभेचा सभासद व्हायचे तर निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभी ९५ प्रतिनिधी होते आणि त्यांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. म्हणून १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती गोळा केल्या व सरकारपुढे मांडल्या, तेव्हा सरकारला त्या सहजासहजी दृष्टीआड करता आल्या नाहीत.

अंगावरचे व्रत आणि हातातले मुखत्यारपत्र या दोन गोष्टी काकांच्या ठायी एकत्र होत्या. व्रतावाचून मुखत्यारपत्र पोकळ ठरते, कारण स्वतः न करणाऱ्याचा शब्द कोणी मानीत नाही. आणि मुखत्यारपत्रावाचून व्रत एकटे पडते. आजच्या व्याख्यानात सांगायचे ते एवढेच. बाकी सारा त्याचा विस्तार आहे.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या देशात दहा युनिट वीज निघाली तर त्यांतील सुमारे सात युनिटे कोळशावरची असतात. त्यामुळे सरासरी एका युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. मध्यम आकाराचा एसी रात्री आठ तास चालला तर साधारण दहा युनिटे खर्च होतात. उन्हाळ्याच्या ६० रात्रींत त्या एका खोलीपायी चारशे किलोंहून अधिक कर्बवायू वर जातो. भारतातील माणसाचा वर्षाचा हिस्सा सरासरी २ टन धरला, तर त्याचा हा पाचवा भाग झाला.

हा कोळसा कोठेतरी दूर जळतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. तो चंद्रपुरास जळतो, कोराडीस जळतो, परळीस जळतो. औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणीही लागते. परळीचे केंद्र पाण्याअभावी २०१३ आणि २०१५ साली बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी आगगाडीने न्यावे लागले. मराठवाड्यातील दुष्काळाला केवळ हवामानबदल कारण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. उसाचे पीक आहे, पाण्याचा उपसा आहे, नियोजनाची हेळसांड आहे. पण जेथे आधीच ताण आहे तेथेच बदलते हवामान पहिला घाव घालते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

येथे कोणी विचारील, अमेरिकेतील माणूस वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू सोडतो; मग आमच्या दोन टनांचा हिशेब कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि जगाच्या सभेत तो भारताने खणखणीत आवाजात विचारलाच पाहिजे. परंतु तोच न्याय घरातही लागू होतो. दोन टन ही सरासरी आहे. आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईंच्या पत्र्याच्या खोलीत एक पंखा फिरतो. त्यांच्या वाट्याचे मिळवून आपला आकडा लहान दिसतो. पत्रा तापतो मात्र त्यांच्याच डोक्यावर. गरिबांच्या सरासरीआड सुखवस्तूंनी लपावे, हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही.

तर मग करावे काय? दोन उदाहरणे पाहा. एसीचे तापमान एक अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता विभाग सांगत आला. उपदेश चांगला होता, पण तो पाळणारे थोडे. पुढे १ जानेवारी २०२० पासून नव्या खोलीएसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम झाला. ज्याला कमी हवे त्याने कमी करावे, कोणाचा हात धरलेला नाही. परंतु एका माणसाचा शहाणपणा नियमात उतरला की तो लाखो घरांत न बोलता काम करतो.

दुसरे उदाहरण नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजारचे. गाव पर्जन्यछायेतले. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० नंतर तेथे माती-पाण्याची कामे झाली, हे आपण ऐकून आहोत. आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती तेथील हिशेबाची रीत. पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती आहे, हे गावापुढे मांडले जाते आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस आणि केळी नकोत, हे गावाने आपल्यावर घालून घेतलेले बंधन आहे. जागृती म्हणतात ती हीच. भित्तिपत्रके चिकटविल्याने ती होत नाही. हिशेब चारचौघांत वाचला गेला की होते.

आणि हिशेब न ठेवल्याने काय होते? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर भर उन्हात सरकारी समारंभ झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. उलट अहमदाबादेने मे २०१० मधल्या लाटेत शेकडो माणसे गमावल्यावर २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात लोकांना आधी इशारा देण्याची, दवाखान्यांना सज्ज करण्याची आणि पिण्याच्या पाण्याची सोय ठरली. ऊन दोन्हीकडे होते. फरक तयारीचा होता.

म्हणून आमची विनंती अशी. आपणांपैकी प्रत्येकाने एक व्रत घ्यावे आणि एक मुखत्यारपत्र मिळवावे. व्रत आपल्या ऐपतीप्रमाणे असावे. ज्याच्याकडे अधिक आहे त्याने अधिक सोडावे. एसी असेल तर तो २६ अंशांवर ठेवून पंखा लावा. जवळच्या अंतराला मोटार काढू नका. मुखत्यारपत्र मात्र ५० घरांचे असू द्या. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पंप, लिफ्ट व जिन्यातील दिव्यांचे वीजबिल मोठ्याने वाचा आणि गच्चीवर सौर पत्रे बसविण्याचा ठराव मांडा. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला त्या ५० घरांच्या वतीने तीन प्रश्न विचारा. बसगाड्या किती वाढविणार? झाडे किती जगविणार? उन्हात राबणाऱ्यांसाठी वॉर्डात सावली आणि पाणी कोठे ठेवणार? त्याचे उत्तर कागदावर घ्या आणि वर्षाने तो कागद पुन्हा चारचौघांत वाचा.

काकांच्या हाती सत्ता नव्हती, की राज्य आपले नव्हते. आज मत आपले आहे, सभा आपली आहे, आकडे उघड आहेत. एवढे असूनही आपण एकेकटे दिवे मालवून स्वस्थ बसलो, तर पुढची पिढी आपल्याला अडाणी म्हणणार नाही. ती म्हणेल, यांना सारे ठाऊक होते.