जाब आणि अवज्ञा



सत्तेला जाब विचारावा की नाही, याचा खल पुष्कळ झाला. विचारणे कोठे संपावे आणि अवज्ञा कोठे सुरू व्हावी, या प्रश्नाकडे मात्र आपण तितके लक्ष दिलेले नाही.

१८९६ साली पावसाने ओढ दिली, पिके करपली, आणि तरीही वसुलीचा तगादा थांबेना, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने टिळकांच्या प्रेरणेने जे केले, ते वरवर पाहता इतके निरुपद्रवी होते की त्यास चळवळ म्हणण्याचाही संकोच वाटावा. सरकारच्याच दुष्काळविषयक कायद्यातील सूट-तहकुबीच्या तरतुदी मराठीत छापून तिने रयतेत वाटल्या, आणि ऐपत नसेल तर गुरेढोरे विकून सारा भरू नका, असे सांगितले. मामलेदाराच्या कचेरीत ज्याने जन्मभर खाली मान घालूनच पाऊल टाकले, तो कुणबी हाती छापील कागद घेऊन ‘हे आपल्याच कायद्यात आहे, रावसाहेब’ असे म्हणू लागला, तर अंमलदाराने करावे तरी काय? बंडखोराला तुरुंग दाखविता येतो. आपलाच कायदा वाचून दाखविणारा फार अडचणीचा. अखेर १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. माझ्या मते सरकारने सभेला दिलेले ते उत्तम प्रशस्तिपत्र होय.

महाडचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा सभासद बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, पण केवळ कागदावर. (नगरपालिकांचे ठराव दप्तरात किती सुखाने निद्रिस्त असतात, हे आपणांस ठाऊकच आहे.) २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या पहिल्या परिषदेच्या वेळी, डॉक्टर आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा त्यांनी त्या निद्रिस्त ठरावाची अंमलबजावणी केली, इतकेच. पुढे डिसेंबरात तळ्यावर सत्याग्रह करण्यासाठी दुसरी परिषद भरली, तेव्हा तळे खाजगी असल्याचा दावा सांगून स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई-हुकूम मिळविला होता. आंबेडकरांनी तो मानला, सत्याग्रह तहकूब केला. आणि त्याच परिषदेत २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले.

न्यायालयाचा हुकूम पाळावा आणि धर्मग्रंथ जाळावा, यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. मुन्सफाच्या हुकुमावर दाद मागता येते, साक्षीपुरावे देता येतात, वरच्या कोर्टात जाता येते. ज्या ग्रंथाने प्रश्न विचारणाऱ्याचा जन्मच अपात्र ठरविला, त्याच्यापुढे अर्ज कोणाकडे करावयाचा? विचारण्याची वाट जेथे उघडी आहे, तेथे अवज्ञेची घाई नको. जेथे ती मुळातच बुजविलेली आहे, तेथे अवज्ञेला दोष देण्याचा अधिकार वाट बुजविणाऱ्याला उरत नाही.

तळ्याचा तो दावा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला, आणि मार्च १९३७ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. मधल्या जवळजवळ दहा वर्षांत वाट उघडी होती, असे कायदा म्हणेल. पण घोटभर पाण्यासाठी इतका काळ थांबण्याचा संयम प्रत्येकाने दाखवावा, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.