वेल दूर राहिली, गवत आले



झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि आपली करडई ही एकाच कुळातली भावंडे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो या कुळात बारीक फुलांचा गुच्छ असतो. पण चांगल्या घराण्यातही एखादा उपद्व्यापी निघतोच!

याच कुळात मिकानिया नावाचा वेलींचा एक वंश आहे. त्यातली एक वेल मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. आसामात ती चहाच्या मळ्यांवर चढली, केरळात केळी-अननसाच्या बागांवर. तिच्या पसाऱ्याखाली ऊन पोचत नाही, झाड गुदमरते. पेर मातीला टेकले की तिथे नवी मुळे फुटतात. बी वाऱ्यावर उडते ते वेगळेच. मात्र तिला भरपूर ओल आणि दमट हवा लागते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे तिचा निभाव कसा लागणार?

म्हणून आपण निर्धास्त राहावे काय? मला तसे वाटत नाही. तिचे भाऊबंद आपल्या बांधावर केव्हाच येऊन बसले आहे. ते म्हणजे गाजरगवत. तेही अमेरिका खंडातलेच. पुण्यात त्याची नोंद झाली १९५५ च्या सुमारास. त्याला दमट हवा लागत नाही, एक पाऊस पुरतो. एकेक झाड हजारो बिया टाकते. अंगाला लागले तर कित्येकांची कातडी खाजते, परागांनी दम लागतो. जनावराने खाल्ले तर दूध कडवट होते.

यावर उतारा म्हणून १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगा आणला गेला. पावसाळ्यात तो या गवताची पाने फस्त करतो. पण पाऊस सरला की तो जमिनीत दडून बसतो आणि गवत पुन्हा डोके काढते. तेव्हा सगळा भार भुंग्यावर टाकून चालणार नाही.

नांदेड असो वा लातूर, माझे सांगणे एवढेच. पांढरी फुले येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटा. फुलाआधीचे गवत खतखड्ड्यात चालते. आणि एकट्याचे शेत साफ करून भागत नाही. शेजारच्या पडीक रानातले बी वाऱ्या-पाण्याबरोबर परत येते. हे काम साऱ्या गावाने एकाच आठवड्यात करायचे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)