लेझमीची रांग सगळ्यांची



संमेलनात लेझीम असतेच. माझे म्हणणे एवढेच की, ती संमेलनापुरती नसावी. व्यायामाच्या तासाला वर्गातल्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती वर्षभर असावी. याला आधार तिच्या घडणीतच आहे. लाकडी दांडा, त्याला साखळी, साखळीत लोखंडी चकत्या. डंबेल्सचा हात चुकला तर तो बघणाऱ्याला दिसतो. लेझमीचा चुकला तर करणाऱ्यालाच ऐकू येतो. ‘चार आवाज’पासून ‘आगे फलांग’पर्यंत शेजारच्याचा नाद कानात घेऊन आपला जुळवायचा, म्हणून शिट्टी न वाजताही चूक सुधारते. अमेरिकेतल्या शाळांत व्यायामाच्या तासाला ‘स्क्वेअर डान्स’ शिकवत: चार जोड्यांचा चौकोन आणि पुढची चाल पुकारणारा एक जण. तिथे जोडीदार लागतो, आणि आपल्याला कुणी निवडेल का, ही धास्ती पोराच्या पोटात राहते. लेझमीच्या रांगेत तो प्रश्नच उद्भवत नाही. मला हे फार मोलाचे वाटते.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. सगळ्यांना एका ठेक्यावर हलवणे म्हणजे हुकूम पाळायला शिकवणे नव्हे का?  १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखवले. ज्या राजवटीने ते ऑलिंपिक भरवले, तिच्या एका तालात चालणाऱ्या रांगा पुढे कुठे गेल्या, हे जगाने भोगले आहे. तेव्हा ताल आपोआप पवित्र होत नाही, हे मान्य. पण रांग बिघडते ती बघणाऱ्यांसाठी उभी केली की. मग उंची बघून मुली निवडल्या जातात, अडखळणारा मुलगा खाली बसवला जातो. प्रेक्षक नसलेल्या तासाला हे करायचे कारणच उरत नाही. तिथे हलगी पाळीपाळीने प्रत्येकाकडे जाऊ शकते, पुढची चाल मुलेच पुकारू शकतात, नवी बसवूही शकतात. पुकारणारा रोज बदलला की हुकमाची सवय कशी लागेल?

दुसरा आक्षेप अभ्यासाच्या वेळेचा. तो निदान वर्ध्यात तरी टिकू नये. १९३७ च्या ऑक्टोबरात इथल्याच परिषदेतून गांधीजींची नई तालीम ही शिक्षणपद्धती उभी राहिली ती हात आणि बुद्धी वेगळी शिकवता येत नाहीत या विचारावर; तिच्यासाठी नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात कताईबरोबर संगीतालाही जागा होती. लेझमीला ना मंच लागतो, ना वेष. आजच्या संमेलनातल्या लेझमी रात्री कपाटात जातील. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, सोमवारी त्या पुन्हा मैदानावर आणाव्यात, आणि आज ज्यांची निवड झाली नव्हती त्यांच्या हाती आधी द्याव्यात.