हिरवळीशी जुळलेला हंगाम

श्रोतेहो, इंग्लंडमध्ये लॉन बोल्सचा मैदानी हंगाम साधारणतः एप्रिलअखेर सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपतो, आणि हौशी खेळाडूची खरी कसोटी हिरवळ ओळखण्यात असते.

या खेळातील बोल, म्हणजे घरंगळत सोडायचा मोठा चेंडू, मुद्दाम असमान घडवलेला असतो. त्यामुळे ‘जॅक’ या लहान चेंडूकडे जाताना वेग मंदावतो तसा तो अधिक वळतो.

वसंतातील ओलसर हिरवळीवर जोर जास्त लागतो व वळण कमी मिळते. उन्हाळ्यात ती कोरडी झाली, की जोर कमी करून बोल अधिक बाहेरून सोडावा लागतो.

म्हणूनच, श्रोतेहो, हंगामाअखेर जिंकलेले सामने मोजताना हिरवळ किती ओळखता आली, हेही खेळाडूने आवर्जून तपासावे.