माल सुरतेचा, शब्द आपला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘घरबसल्या व्यवसाय’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला फार संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची सवय नाही. पण जे केले तेच सांगावयाचे आहे, म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

२०२० साली टाळेबंदी आली आणि यजमानांचा पगार निम्म्यावर आला. घरात सासूबाई आणि दोन मुले. हाताशी एक फोन व भिशीचे थोडे पैसे. एका मैत्रिणीने सुरतेच्या घाऊक व्यापाऱ्याचा नंबर दिला. तो रोज व्हॉट्सॲपवर साड्यांचे फोटो पाठवी. ते फोटो मी ओळखीच्या बायकांना पाठवावयाचे; कोणी साडी पसंत केली की पैसे घ्यावयाचे; व्यापाऱ्याला त्याची रक्कम व गिऱ्हाइकाचा पत्ता पाठवावयाचा; साडी सुरतेहून परस्पर त्या घरी पोचावयाची. या पद्धतीला ड्रॉपशिपिंग म्हणतात, हे मुलीने मागाहून सांगितले.

साडी ४२० रुपयांची, कुरिअरचे ६०. मी ती ६०० ला देई. साडीमागे १२० रुपये सुटत. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी लिज्जत पापडाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांना ८० रुपये उसने घ्यावे लागले होते. मला तर तेवढेही भांडवल लागले नाही, असे मी कौतुकाने सांगत असे. तेथेच माझी समजूत चुकली होती.

दुसऱ्या वर्षी आपल्याच एका सभासद भगिनीने मुलाच्या लग्नात मानपानासाठी माझ्याकडून अकरा साड्या मागवल्या. रंग गर्द हिरवा. लग्नाला आठ दिवस उरले असताना पार्सल आले, आणि साड्या निघाल्या पोपटी! व्यापारी म्हणाला, “फोटोत आणि प्रत्यक्षात थोडा फरक असतोच.” नंतर त्याने फोन उचलणेच बंद केले.

मी घरी येऊन म्हटले, यात माझा काय दोष? साडी मी पाहिलीसुद्धा नव्हती. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “त्या बाईने सुरतेचा माणूस पाहिला होता का? तिने तुला पाहून पैसे दिले. माल सुरतेचा असेल, पण शब्द तुझा.”

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी भिशीचे पैसे काढले आणि ६६०० रुपये त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी गावातल्या दुकानातून साड्या आणून वेळ निभावली. पोपटी साड्यांपैकी नऊ मी ४०० रुपयांप्रमाणे विकल्या, दोन घरात ठेवल्या. व्यापाऱ्याकडे ५२८० गेले होते, ३६०० परत आले. १६८० रुपये अडकले, म्हणजे चौदा साड्यांचा नफा गेला. पण दिवाळीला त्याच भगिनी पुन्हा आल्या, आणि सोबत आपल्या जावेला घेऊन आल्या. माझा धंदा खरा वाढला तो तेथून.

तेव्हापासून काही नियम पाळते, ते सांगते. नव्या व्यापाऱ्याकडून आधी एकच साडी स्वतःसाठी मागवावी. धुऊन, नेसून पाहावी. फोटोवर न जाता उजेडातला व्हिडिओ मागावा. लांबी विचारावी, साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस वेगळा. परत आलेल्या मालाचे कुरिअर कोणी भरावयाचे, हे आधीच लिहून घ्यावे. यंत्रमागावरच्या साडीला नुसते ‘पैठणी’ म्हणू नये. खरी पैठणी येवले-पैठणच्या विणकरांच्या हातमागाची असते. ती काही ६०० रुपयांत मिळत नाही. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगितले म्हणून माझी विक्री कधी अडली नाही.

पैशांच्या बाबतीतही जपावे. आपल्याला पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागणारा लबाड समजावा. उधारी ठेवू नये. वहीत घर व धंदा यांची पाने वेगळी असावीत, आणि परत आलेल्या साडीचा खर्च त्याच दिवशी लिहावा. नाहीतर नफा वहीत दिसतो आणि डब्यात सापडत नाही. व्याप वाढला तर जीएसटीच्या नोंदणीविषयी जाणत्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे.

आज महिन्याला वीस-पंचवीस साड्या जातात, सणासुदीला चाळीस. पहिल्या वर्षी सहा-सात जात. यातून कोणी श्रीमंत होत नाही. पण मुलीच्या शिकवणीची फी मी भरते, आणि ती भरताना मला कोणाकडे हात पसरावा लागत नाही. यात दुपारची झोप मात्र जाते, आणि फोन चुलीजवळही वाजतो, हेही सांगितले पाहिजे.

या धंद्याला भांडवल लागत नाही, असे कोणी सांगितले तर खरे मानू नका. पैशाचे लागत नसेल. शेजारणींचा विश्वास मात्र पहिल्या दिवसापासून गुंतवावा लागतो. ज्यांना सुरुवात करावयाची असेल त्यांनी दुपारी तीननंतर खुशाल घरी यावे. माझी वही मी दाखवीन.

त्या दोन पोपटी साड्यांपैकी एक आज मी नेसले आहे. रंग काही वाईट नाही, असे आता वाटते!