सूज, लेप आणि चार पावलं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला खरं तर संगणकाविषयी बोलायला सांगितलं होतं. पण सकाळी आपली निम्मी बॅच कठडा धरून जिना चढताना पाहिली आणि मी विषय बदलला. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. आपल्यातले डॉक्टर समोर बसलेत, चुकलं तर त्यांनी हक्काने टोकावं.

नववीत खो-खोच्या सरावात माझा घोटा मुरगळला होता, काही जणींना आठवत असेल. सरांनी माठातल्या पाण्यात रुमाल भिजवून बांधला आणि पाय बाकावर ठेवायला लावला. घरी गेल्यावर मात्र ‘पाय बसवणाऱ्या’ एका गृहस्थांनी तेल लावून तो असा रगडला की रात्री घोट्याचं भरताचं वांगं झालं! तालुक्याची स्पर्धा मी बसूनच पाहिली.

सरांचंच बरोबर होतं. मुरगळल्यावर सांध्याचे बंध ताणले किंवा फाटले जातात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, द्रव साचतो, तीच सूज. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चोळणं नको, शेकणं नको, गरम लेपही नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून काही वेळा. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळायचं. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळसर पडली तर लगेच सैल करायचं. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच.

विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली पुस्तकातून रूढ केली. पुढे २०१५च्या सुमारास त्यांनीच मोकळेपणाने लिहिलं, की जास्त बर्फाने भरून यायला उशीर लागू शकतो. सूज हा दुरुस्तीचाही भाग असतो. म्हणून बर्फ दुखणं कमी करण्यापुरता, आणि विश्रांतीही थोडीच. वेदना सोसवेल तशी हालचाल लवकर सुरू करायची.

मग आपली आंबेहळद, तुरटी, निर्गुंडीचा पाला? माझा त्यांच्यावर राग नाही. ताजी सूज ओसरल्यावर निर्गुंडीच्या कोमट शेकाने आखडलेला सांधा मोकळा वाटतो. हळदीचा लेप जखम नसलेल्या कातडीवर लावायला हरकत नाही. मात्र लेप तुटलेलं हाड ओळखत नाही.

हे मी फार महागात शिकले. काही वर्षांपूर्वी जालन्याच्या घरी आई अंगणात घसरली आणि हातावर पडली. मी पुण्यात. व्हिडिओ कॉलवर मनगट पाहिलं आणि इथूनच फर्मान सोडलं, “आंबेहळद लाव, उतरेल.” पाच दिवसांत सूज उतरलीही. मी निश्चिंत झाले. आमच्या कामात हीच चूक होते: पडद्यावरचा इशारा गेला की दोष गेला, असं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात एक्स-रे काढला, तेव्हा मनगटाचं हाड वाकडं जुळून आलं होतं. “तू कामात होतीस, म्हणून दुखतंय म्हटलं नाही,” आई म्हणाली.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी घोट्यासाठी एक सोपी कसोटी मांडली. दुखावलेल्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. मनगटाबाबत आकार बदलला, मूठ वळेना किंवा अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे. सांधा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि वय झालेल्या आई-वडिलांचं पडणं कधीच किरकोळ समजू नका. फोनवर “सूज आहे का?” विचारण्याआधी “हात वळतो का?” असं विचारा.

आईला आता ज्वारीची भाकरी थापता येत नाही. जालन्याला आले की मी थापते आणि ती शेजारी बसून माझ्या भाकरीला नावं ठेवते. ते मी आनंदाने ऐकून घेते.

जाता जाता एक गृहपाठ. घोटा मुरगळून दुखणं जरा कमी झालं, की रोज पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची. फिजिओथेरपीतला खरा व्यायाम आहे हा. मराठीच्या बाई, या वेळी अक्षराचे गुण कापू नका!