हातातील यंत्र आणि पाठीशी माणूस



बोरगावच्या संत्र्याच्या बागेतून किंवा कारखान्याच्या वसाहतीतून निघालेला मुलगा नागपूर वा छिंदवाड्याच्या महाविद्यालयात जातो, तेव्हा पुस्तकांबरोबर घरच्यांच्या आशाही तो घेऊन जातो. पुढे परीक्षेत अपयश येते, झोप उडते, अन्न गोड लागेनासे होते. तरी घरच्या फोनवर तो ‘सर्व ठीक आहे’ असेच सांगतो. अंगात ताप असता वैद्याकडे जाण्यात संकोच नसतो. मनाच्या तापाविषयी मात्र मौन पाळले जाते. वस्तुतः चरकसंहितेने शरीर आणि मन ही दोन्ही रोगांची अधिष्ठाने मानली आहेत.

हे मौन फोडण्यास भ्रमणध्वनी साहाय्य करील काय? अमेरिकेत २०१७ साली ‘वोबॉट’ नामक संवादी अ‍ॅपची परीक्षा प्रसिद्ध झाली. १८ ते २८ वयाच्या ७० जणांपैकी काहींनी दोन आठवडे त्याच्याशी संवाद केला, इतरांस वाचावयास पुस्तिका दिली. संवाद करणाऱ्यांची खिन्नतेची लक्षणे अधिक कमी झाली. परंतु ३० जून २०२५ रोजी तेच अ‍ॅप बंद झाले. ज्यांचा भार केवळ त्यावर होता, त्यांनी मग कोणाकडे पाहावे?

म्हणून अ‍ॅपमागे माणूस हवा. येथे कोचिंग म्हणजे शिकवणीवर्ग नव्हे. प्रशिक्षित मार्गदर्शक ठराविक दिवशी विचारपूस करतो, झोपेची व अभ्यासाची लहान उद्दिष्टे ठरवून देतो. अ‍ॅप त्यांची नोंद ठेवते. अशी सोबत असता आरंभिलेला क्रम अर्ध्यावर सुटण्याचा संभव कमी होतो. मात्र मार्गदर्शक हा चिकित्सक नव्हे. जगणेच नकोसे वाटू लागले, तर विद्यार्थ्यास विनाविलंब तज्ज्ञाकडे नेणे हेच त्याचे कर्तव्य होय.

भारत सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते. २०२४ साली तिचे अ‍ॅपही निघाले. तेथे भाषा निवडता येते व तींत मराठी आहे. राज्य मध्य प्रदेश असले तरी बोरगावच्या मुलाचे दुःख मायबोलीतच मोकळे होते. म्हणून ही गोष्ट लहान नव्हे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा, असा निर्देश दिला. प्रवेश घेताना पालक शुल्क विचारतात, वसतिगृह पाहतात. आता समुपदेशक कोण व केव्हा भेटतो, हेही त्यांनी विचारावे. आणि मुलगा सुटीत घरी आला म्हणजे गुणांच्या आधी त्याच्या झोपेची चौकशी करावी.